कातळावरच्या सात पेट्या

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळचे सव्वासात. जागा: केळशीच्या वरचा सडा, आमच्या सामाईक जमिनीतला उघडा कातळ.

हजर: मी, आमचे हे, मोठ्या जाऊबाई सुलभाताई (चढावर दोनदा बसून आणि दोन्ही वेळा मला नावं ठेवून), शेजारचे हमीदभाई. मधमाश्यांच्या पेट्या क्रमांक १, २, ४, ५, ७, ९, १०.

गैरहजर: पेट्या क्रमांक ३, ६, ८, ११.

हजेरीची ही सवय पोफळी गावातली. हे तिथं वीजगृहात होते, डोंगराच्या पोटात, आणि मी वर वसाहतीतली बालवाडी चालवत होते. तिथल्या पावसात चाळीस पोरं सांभाळायची तर वही लागते. कोण आलं, कोण नाही, कुणाची छत्री कुणाच्या घरी गेली. यांच्या निवृत्तीनंतर आम्ही केळशीच्या घरी आलो, मी सातेरी जातीच्या माशीच्या दोन पेट्या घेतल्या, दोनाच्या अकरा झाल्या आणि वही परत सुरू झाली. "बालवाडी उघडलीस पुन्हा," असं हे म्हणतात. म्हणोत. गेलेल्या चार पेट्यांचे क्रमांक मी अजून कुणाला दिलेले नाहीत. हमीदभाई म्हणाले, सातच उरल्यात तर एक ते सात लावून टाका, सोपं पडेल. सोपं पडू नये म्हणूनच लावलेले नाहीत.

खाली भातकापणी चालू आहे. सड्यावरून पाहिलं की मळ्यातले कापलेले चौकोन आणि उभे चौकोन वेगळे दिसतात, आणि वारा खालून वर आला की ओल्या पेंढ्याचा गोडसर वास येतो. सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलंय. पावसात इथं निळी-जांभळी फुलं होती, ती आता कुठल्या कुठं गेली. आठ वाजले की कातळ तापायला लागेल आणि दहाला अनवाणी उभं राहता येणार नाही. लोकांना ऑक्टोबर म्हटलं की ऊन आठवतं. मला गेल्या वर्षापासून ऑक्टोबर म्हटलं की काजूची आंबलेली बोंडं आठवतात. ऑक्टोबरात काजूला बोंडं नसतात, हे मला माहीत आहे.

तो वास आठ नंबरच्या पेटीतून आला होता.

तेव्हा पेट्या खाली वाडीत होत्या, घरामागं, माड-पोफळींच्या सावलीत. पायाखाली मऊ, वाळूची जमीन, रोजचं शिंपणं, दुपारीही गारवा. मधमाश्यांना यापेक्षा चांगली जागा कुठली, असं मलाच वाटत होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तसं सांगतही होते. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आठ नंबरचं झाकण उचललं, तर मिऱ्याच्या दाण्याएवढे काळपट, चकचकीत भुंगेरे उजेड पडताच कोपऱ्यात पळाले. पाच-सहाच होते. वाडीत किड्यांना काय तोटा? मी दोन चिरडले आणि वहीत शेरा लिहिला: "किरकोळ."

तो शब्द मी खोडलेला नाही. त्या पानाला खूण घालून ठेवली आहे.

आठ दिवसांनी मी तुळशीपाशी उभी असताना तो वास आला. पोत्यात विसरलेली काजूची बोंडं आंबतात तसा. पेटीशी गेले तर माश्या आत नव्हत्याच, दाराबाहेर घोस करून लटकल्या होत्या. त्यांचा आवाजही बदलला होता. एरवी पेटीला कान लावला की दूरवर पंखा चालू असल्यासारखं ऐकू येतं. त्या दिवशी नुसतीच तुटक, चिडकी कुरकुर होती. आत पोळ्यांवर चिकट ओल पसरलेली, मध फसफसून चौकटीवरून ओघळतोय आणि त्या चिकट्यातून पांढुरक्या अळ्या ये-जा करतायत. मी बालवाडी चालवली आहे, मला कशाची किळस येत नाही. त्या दिवशी आली.

आठवडा संपायच्या आत तीन नंबरची पेटी रिकामी झाली. सातेरी माशीचा हाच स्वभाव. घर बिघडलं की ती भांडत बसत नाही, उठून जाते. मधाच्या दोन चौकटी तशाच भरलेल्या टाकून सगळी वसाहत राणीसकट निघून गेली होती. मला आठ नंबरच्या सडण्यापेक्षा तीन नंबरचं जाणं जास्त लागलं. सडली ती मेली. ही जिवंत असून मला सोडून गेली.

मग मी कामाला लागले. रोज सकाळी एकेक पेटी उघडायची, तळ खरवडायचा, खराब पोळं कापून काढायचं, झाडायचं, पुसायचं, वहीत लिहायचं. इतकं स्वच्छ काम मी कधी केलं नसेल. आणि दिवाळी होऊन गेल्यावर, सगळं आवरलं असं वाटत असताना, भुंगेरे परत आले. पहिल्यासारखे पाच-सहा नाहीत. सहा नंबरचं झाकण काढलं तर आतली कडा काळी दिसली.

तेव्हा मी दापोलीला गेले. तिथं शेतीच्या कॉलेजात किड्यांचा विषय शिकवणाऱ्या एक बाई आहेत, असं कळलं होतं. आठ-दहा भुंगेरे स्पिरिटच्या बाटलीत मारून नेले होते. बाईंनी ते भिंगाखाली धरले आणि एकेक उलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "काकू, हा आपल्याकडचा नाही." मूळ आफ्रिकेतला. देशाच्या पूर्वेकडं सापडल्याचं त्यांना कळलं होतं, इकडं कसा आला ते त्यांनाही सांगता येईना. कुणाच्या तरी पेटीतून, कुठल्या तरी ट्रकातून. त्या पुढं वर कळवणार होत्या आणि त्यांनी कळवलंही. मला त्यांनी त्याचा सगळा जन्म समजावून दिला. भुंगेरा पेटीत अंडी घालतो, अळ्या पोळं खातात, आणि पोट भरलं की पेटीबाहेर पडून जमिनीत शिरतात. मऊ, ओलसर माती त्यांना हवी असते. तिथं तीन-चार आठवडे पडून राहतात आणि पंख फुटून वर येतात.

परतीच्या एस.टी.त मी वही उघडली. खिडकीजवळची जागा मिळाली होती, बाहेर ऊन होतं, माझं अक्षर स्वच्छ दिसत होतं. "पेटी ८, खरवड व कापलेलं पोळं: चौथ्या माडाच्या मुळात." दोन दिवसांनी: "पेटी ११, तळ झाडून: चौथ्या माडाच्या मुळात." मग सहा. मग परत अकरा. पानभर तेच.

आमच्याकडच्या वाडीतल्या घरात जन्म काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. तांदळाचं धुवण माडाच्या मुळात. मासळी धुतलेलं पाणी माडाच्या मुळात. चुलीतली राख, शेणाचा काला, कुजका पाला, पोराच्या अंघोळीचं पाणीसुद्धा. सासूबाईंनी मला या घरात पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल तर ते हे, की फेकायचं काही नसतं, माडाला द्यायचं असतं. पोफळीच्या क्वार्टरमध्ये भाजीचं पाणी बेसिनमध्ये ओतताना कितीतरी वर्षं माझा हात अडखळायचा. तर मी अळ्यांनी भरलेलं पोळं काढून, त्यांना मऊ वाळूत, ओलाव्यात, सावलीत नेऊन ठेवत होते आणि वर संध्याकाळी शिंपणं करत होते. त्यांनी स्वतः होऊन इतकी चांगली जागा शोधली नसती.

लाज वाटली, हे खरं. पण आंजर्ल्याच्या पुढं कुठंतरी लाज संपली आणि राग सुरू झाला. माझ्या आळसाचा कुणी फायदा घेतला असता तर मी गप्प बसले असते. माझ्या टापटिपीचा फायदा घेतला होता त्यानं.

घरी आल्यावर सल्ले तयारच होते. सगळ्यांचा एकच, जाळून टाका. सुलभाताई तर मला ओसरीवर बसवून सांगत होत्या की मधाशिवाय कुणाचं अडलंय, तुझं वय काय, कंबर काय. "सोड गो नीला. किड्याशी कसली ईर्षा करतेस?" हे काही बोलले नाहीत. यांचं न बोलणं म्हणजे सुलभाताईंशी सहमती असते.

आठ आणि अकरा मी स्वतः जाळल्या. त्यात वाचवण्यासारखं काही नव्हतं, आणि न वाचणाऱ्यासाठी वाचणारं घालवायचं नसतं एवढा व्यवहार मला कळतो. सहा नंबर त्याआधीच उठून गेली होती. राहिल्या सात. त्यांच्यातल्या चांगल्या पण संशयित चौकटींसाठी बाईंनी उपाय सांगितला होता: दोन दिवस कडक थंडीत ठेवा, अंडीसुद्धा मरतात. आमच्या दोन घरांत मिळून मोठा फ्रीजर एकच, सुलभाताईंचा. त्यात त्यांच्या मुलासाठी जपलेली सुरमई होती आणि मेपासूनचा आमरस. मी चौकटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडं आणि चौकटींकडं आळीपाळीनं बघितलं.

"आणि सुरमई काय माझ्या उशाशी झोपवू?"

सुरमई त्या दिवशी आम्ही खाल्ली. दोन्ही घरांनी, दोन्ही वेळेला. तळून आणि कालवणात. मुलगा आला तेव्हा त्याला बांगडा मिळाला आणि तो काय म्हणाला ते सुलभाताई अजून मला ऐकवतात.

खरा प्रश्न जमिनीचा होता. मी दापोलीहून निघताना बाईंनी म्हटलं होतं की कोरडी आणि कडक जमीन असेल तर अळीचं पुढं काही चालत नाही, पण तुमच्याकडं तशी जमीन आहे का? आणि मी वाळूच्या वाडीत उभी राहून विचार करत होते की कडक आणायची कुठून. अंगण चोपून घेतलं, पेट्या अंगणात आणल्या, पण चारी बाजूंनी वाडी आणि अळी सरपटत जाऊ शकते. हमीदभाई उभी हयात जहाजावर होते. कुंपणापलीकडून माझी ही धडपड दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वैनी, डेकवर किडा बिळ कशात काढणार? तुमचा डेक वर हाय नाय काय?" आणि हनुवटीनं सड्याकडं दाखवलं.

वर. जिथं पहारीची ठिणगी उडते पण खड्डा पडत नाही, तिथं.

तर सडा सामाईक. आमच्या सातबारावर नावं लिहायला आता कागद पुरत नाही. निम्मे मुंबईत, एक दुबईला, काही वर गेलेले पण अजून कमी न केलेले. पिढ्यान् पिढ्या त्या कातळावर कुणी काही केलं नाही, कारण तिथं काही होत नाही. पण मी भावकीच्या ग्रुपवर रीतसर विचारलं मात्र, आणि सगळ्यांना त्या कातळाची एकदम आठवण झाली. एकानं विचारलं, हे कायमचं की तात्पुरतं? दुसऱ्यानं, यातून हक्क लागतो का? तिसऱ्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. शेवटी मोठ्या चुलतदिरांनी निकाल दिला की मे महिन्यात सगळे आले की बसून ठरवू.

ही आमच्याकडची रीत. विहीर उपसायची, पायरी बदलायची, फांदी तोडायची, सगळं मे महिन्यात बसून ठरवायचं. मी या घरात आले त्या वर्षीच्या मे महिन्यात ठरवायचं राहिलेलं एक कुंपण अजून ठरतंय. मी ग्रुपवर लिहिलं, "भुंगेऱ्याला मे महिन्याचं कळवलं आहे, त्याचं उत्तर आलं की सांगते." आणि तयारीला लागले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, तीन पहाटा मिळून आम्ही सात पेट्या वर नेल्या. पेट्यांच्या दारात गवत कोंबलं होतं, म्हणजे माश्यांना बाहेर पडायला खटपट करावी लागावी आणि आपण नव्या जागी आहोत हे त्यांच्या ध्यानात यावं. ह्यांनी एक टोक धरलं, हमीदभाईंनी दुसरं, मी पुढं बॅटरी घेऊन. पाठीमागून समुद्राचा आवाज येत होता आणि हातातल्या पेटीतून दुसरा, त्याहून बारीक. हे अर्ध्या चढावर थांबले आणि म्हणाले की वीजगृहातही भिंतीला हात लावला की असंच वाटायचं. नोकरीबद्दल हे पहिल्यांदाच काही बोलले असतील. वर चिरे रचून त्यांवर पेट्या ठेवल्या, पेट्यांच्या चारी पायांखाली किडे अडवायला तेलाच्या वाट्या, वर माडाच्या झापांचं छप्पर.

काही माश्या तरीही जुन्या सवयीनं खाली वाडीत परत आल्या. पेटीखालच्या रिकाम्या लाकडी घोडीवर मूठभर जमून बसायच्या. मी तिथं एक लहान खोकं ठेवलं आणि रोज संध्याकाळी ते वर नेऊन ओतत राहिले. अकरा दिवस. बाराव्या दिवशी खाली कुणी आलं नाही.

डिसेंबरात एका सकाळी मी जे बघितलं ते मला जसंच्या तसं लिहायचं आहे. पाच नंबरमधून दहा-बारा अळ्या बाहेर पडल्या. तेलाच्या वाट्या चुकवून थेट कातळावर. त्या निघाल्या. अळीला बहुधा माहीत असतं की जवळपास माती असणारच, असतेच. त्या एक हात गेल्या, दोन हात गेल्या. ऊन चढत होतं. मी पालथ्या घमेल्यावर बसून बघत होते. कातळावरच्या एका खाचेत त्यांतल्या दोघी शिरल्या, पण ती खाच बोटभरही खोल नव्हती. नऊच्या सुमाराला मुंग्या आल्या आणि त्यांनी बाकीचं काम संपवलं. मला दया आली नाही. जी जमीन आजवर कुणाच्या काही उपयोगाची नव्हती, जिच्यावर गवताशिवाय काही उगवलं नाही म्हणून तीन पिढ्यांनी तिला नावं ठेवली, ती माझ्या बाजूनं लढत होती.

खालीही काम होतंच. चौथ्या माडाची आणि त्याच्या आजूबाजूच्या तिघांची माती खणून उन्हात उलटी केली आणि दोन महिने त्यांना पाणी दिलं नाही. हिरव्या वाडीत चार माड झावळ्या टाकून उभे. सासूबाई असत्या तर माझ्याशी बोलल्या नसत्या. सुलभाताई बोलत होत्या, सतत.

मे महिन्यात सगळे आले. सगळे म्हणजे खरोखर सगळे सड्यावर चढले, टोप्या घालून. चुलतदिरांनी विचारलं की परवानगी कुणी दिली. मी म्हटलं, कुणी नाही. मग बरीच चर्चा झाली, कुणाच्या आजोबांनी काय म्हटलं होतं इथपर्यंत. मी ऐकून घेतलं आणि सांगितलं की हलवायच्या असतील तर आत्ताच हलवू, मी एक टोक धरते, दुसरं कोण धरतंय? पेट्यांशी तेव्हा माश्यांची भर दुपारची वर्दळ होती. कुणी पुढं आलं नाही. निर्णय असा झाला की सध्या तात्पुरत्या राहू देत. आमच्याकडं तात्पुरतं म्हणजे काय ते त्या कुंपणावरून कळलंच असेल.

आणि आज परत ऑक्टोबर. पावसाळ्यात वाऱ्यानं छप्पर तीनदा नेलं, तीनदा बांधलं. सात पेट्या सातच राहिल्या. आज आम्ही त्या एकेक करून तपासल्या. एक, दोन, चार, पाच, सात, दहा स्वच्छ. नऊ नंबरच्या खालच्या तेलाच्या वाटीत एक भुंगेरा तरंगत होता.

एकच. तो मेलेला होता. तरी सगळे वाटीवर वाकले. हमीदभाईंनी काडीनं तो उचलला, उन्हात धरला आणि परत ठेवला. मी वेळ आणि पेटीचा क्रमांक लिहिला. या वेळी शेरा लिहिला नाही. तो इथं कायमचा आलाय, हे मला दापोलीच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. मीही कायमची आलेय, हे त्याला कुणी सांगितलं असेल तर ठीक.

पण एकटा भुंगेरा मला भीत नाही आणि मी त्याला भीत नाही. मला काळजी आहे ती मोहोराची. सड्याच्या पलीकडच्या उतारावर बागायतदार अण्णांची हापूसची कलमं आहेत, या भागातली सगळ्यात मोठी बाग. भला माणूस. यंदा मोहोर आला की परागीकरणासाठी बाहेरून पेट्या मागवणार आहेत, ट्रक भरून. कुठून, ते त्यांनाही नीट ठाऊक नाही. एजंट आणून देतो. त्या पेट्या उतरणार मऊ, खणलेल्या, खत घातलेल्या मातीत. माझ्या कातळापासून माशी सहज जाते इतक्या अंतरावर, आणि भुंगेरा माशीपेक्षाही लांब उडतो.

गेल्या गुरुवारी मी त्यांच्याकडं गेले होते. त्यांनी सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "वैनी, तुम्ही तुमच्या सात सांभाळा. माझ्या मला सांभाळू दे."

मी म्हटलं की ट्रक आला की पेट्या उतरण्याआधी मी प्रत्येकीचं झाकण उघडून बघणार. ते म्हणाले, ट्रक अडवणार का? मी म्हटलं, अडवणार नाही, उघडणार. यावर ते हसले नाहीत. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

ही हकिगत मी आज सड्यावर बसून सांगितली, तेव्हा ह्यांनी नेहमीप्रमाणं समुद्राकडं बघितलं. हमीदभाई म्हणाले की एजंटचा फोन मिळतो का बघतो. सुलभाताई पदरानं वारा घेत दगडावर बसल्या होत्या. माझ्या वहीकडं बघून त्यांनी विचारलं, एका ट्रकात पेट्या किती असतात? शंभर तरी असतील, मी म्हटलं.

"शंभर झाकणं तुझ्या एकटीच्यानं होतील काय? मला जाळीची टोपी शिवायला टाक."

टोपी उद्या टाकते. ट्रक कधी येणार, ते अजून कळलेलं नाही आणि अण्णांनी फाटक उघडायचं कबूल केलेलं नाही. ते काम व्हायचं आहे.